मँटलपीस : एक रसग्रहण

मराठी समीक्षेने आजवर कशाकशाचे रसग्रहण केलेले नाही? नवकवितेपासून नाट्यसंगीतापर्यंत सगळे तिच्या हाताखालून गेले. पण विलायती घरातल्या फायरप्लेसभोवती जी चौकट असते, जिला मँटलपीस म्हणतात, तिच्यावर कुणी चार ओळी खरडल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. हा अन्याय दूर करण्याची जबाबदारी, लीड्सला लेकीकडे सहा महिन्यांच्या मुक्कामास गेलो असताना, माझ्यावर येऊन पडली. दुसरे काही कामही नव्हते म्हणा.

लेकीचे घर शंभरेक वर्षांपूर्वीचे, लाल विटांचे, दोन्ही अंगांनी शेजाऱ्यांना चिकटलेले. आपल्या चाळीला उतारवयात प्रतिष्ठा लाभली तर ती साधारण अशी दिसेल. दिवाणखान्यातल्या फायरप्लेसवर कुणीतरी फळी ठोकून वर वॉलपेपर डकवला होता. जावईबापूंनी एका रविवारी तो उचकटला. आतून घमेलेभर काजळी, पाखराचे घरटे आणि एक काळाकुट्ट कोनाडा निघाला.

"बाबा, याला आता छानसा मँटलपीस हवा," लेक म्हणाली.

"म्हणजे आग पेटवणार तुम्ही?"

"छे! मेणबत्त्या ठेवू आत. ऊब यायला रेडिएटर आहे की."

म्हणजे जिच्यावर कपभर चहा व्हायचा नाही अशा चुलीला मखर आणायचे! मी हे बोलून दाखवणार, तोच हिने डोळे वटारले. परदेशात डोळे वटारण्याचा दर्जा बदलत नाही.

कलाकृतीचे मूल्यमापन करण्यापूर्वी तिची परंपरा पाहावी, असे समीक्षक म्हणतात. मीही पाहिली. या शेगडीपायी इंग्रजाने फार सोसले आहे. १६६२ साली सरकारने दर शेगडीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला. मोजणीला माणूस थेट घरात शिरायचा, त्यामुळे लोक इतके चिडले की १६८९मध्ये तो उठवावा लागला. पुढे रम्फर्ड नावाच्या एका खटपट्या शास्त्रज्ञाने १७९६ साली सांगितले की, अरे बाबांनो, शेगडी उथळ करा, तिच्या बाजू तिरक्या ठेवा, धुराडे गळ्याशी अरुंद करा. म्हणजे ऊब खोलीत येईल आणि धूर वर जाईल. तोवर बहुधा उलटेच चालले होते. डिसेंबर १९५२मध्ये कोळशाच्या धुराने लंडन पाच दिवस असे कोंडले की हजारो माणसे दगावली. मग १९५६चा स्वच्छ हवेचा कायदा आला, हळूहळू आग विझली, आणि चौकट उरली. राज्य गेले तरी दरबार भरवायची हौस आपल्याकडच्या काही संस्थानिकांनाही होतीच.

जुन्या घरांचे अवयव विकणारे एक दुकान तिथे आहे. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराचाच हा भाऊ, फक्त पावती देतो. तिथे भिंतीला टेकून पन्नासेक मँटलपीस उभे होते. वधूपरीक्षेला मुली रांगेत बसवाव्यात तसे. मी चष्मा पुसला.

पहिला रॉबर्ट अ‍ॅडम (१७२८–१७९२) या स्थापत्यकाराच्या शैलीतला. कलश, फुलांच्या माळा, सडपातळ खांब. रचना निर्दोष, पण भावना थंड. त्याच्यासमोर पायजम्यात बसण्याची माझी छाती झाली नसती. दुसरा व्हिक्टोरियन, ओतीव लोखंडाचा. वेलबुट्टीवाचून तसूभर जागा मोकळी नाही. विशेषणांचा सोस असलेल्या कादंबरीकाराने घडवल्यासारखा. तिसरा १९३०च्या सुमाराचा, पिवळट टाइल्सचा, पायऱ्यापायऱ्यांचा. त्याच्यापुढे उभे राहिले की दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे वाटते.

चौथ्यापाशी मात्र मी थबकलो. दुरून काळा, हिरव्या शिरांचा संगमरवर. एका कोपऱ्याचा टवका उडाला होता, तिथे बोट फिरवले आणि ओळखीचा गुळगुळीतपणा लागला. पाटी! लहानपणी ज्यावर 'श्री' गिरवला तोच दगड. संगमरवर न परवडणाऱ्या व्हिक्टोरियन मध्यमवर्गासाठी पाटीच्या दगडावर रंग चढवून, भट्टीत भाजून, संगमरवराचे सोंग आणीत. पाहुण्यांपुढे कोंड्याचा मांडा करणारी ही जमात आपलीच निघाली. मला तो मनापासून आवडला.

आणि तरीही मी पाचव्याची शिफारस केली. पाचवा पाइनचा. हे लाकूड मुळात रंग लावण्यासाठीच. १९७०च्या दशकात साहेबाला ते खरवडून उघडे पाडण्याची हौस आली. तसाच तो, उघडाबोडका. मी मात्र त्याचा साधेपणा, सच्चेपणा, आशयाभिव्यक्तीची एकात्मता, काय वाटेल ते सांगितले. बेकर स्ट्रीटवरचा शेरलॉक होम्सही उत्तर न दिलेली पत्रे लाकडी मँटलपीसवर चाकूने टोचून ठेवायचा, दगडात चाकू कसा घुसणार, हेही सांगितले.

"आणि हलका किती!" मी म्हणालो. "चार स्क्रू काढले की सुटला. तो दगडी दीडशे किलोंचा, वर भिंतीत चुन्यासिमेंटने बसवायचा. उद्या हलवायचा म्हटलं तर?"

"हलवून कुठे न्यायचाय, बाबा?"

लेकीने अगदी सहज विचारले. जावईबापू दुसरीकडे पाहू लागले. हिने माझ्या कोटाची बाही धरली.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एक खोली अजून त्यांची म्हणून ठेवली आहे. दोन वर्षांचा करार म्हणून गेले, त्याला अकरा वर्षे झाली. आम्ही विचारत नाही, ती सांगत नाहीत. खुंटा हलवून बळकट करणे म्हणतात ते मी त्या दुकानात केले.

"चौथाच घ्या," मी म्हणालो. "पाचव्यात तसा दम नाही." समीक्षकाला मत बदलण्याची मुभा असते.

मंगळवारी दोन गडी आले. लेकीने माझ्या हातात लेव्हलची पट्टी दिली. बुडबुडा डावीकडे पळत होता. "थोडं वर, अजून थोडं, बास," असे मी मराठीत म्हणत होतो आणि यॉर्कशरचे ते गडी बिनचूक ऐकत होते. जाताना त्यांनी बजावले, दोन दिवस वर काही जड ठेवू नका.

म्हणून हिने तिच्याच हट्टाने छापून घेतलेली आमची परतीची तिकिटे तेवढी त्यावर ठेवली.