टाळ्या खऱ्या असाव्यात का?

आजचा विषय हलकाफुलका वाटेल, पण तसा तो नाही. प्रत्यक्ष कार्यक्रमात ध्वनिमुद्रित झालेले अल्बम, ज्यांना आपण सरळ ‘लाइव्ह अल्बम’ म्हणतो, त्यांतला थोर कुठला आणि का, हा आजचा प्रश्न. ‘ज्यात मैफल रंगली तो’, असं उत्तर आपण चटकन देऊन टाकतो. पण रंगली म्हणजे नेमकं काय झालं? तीन अल्बम घेऊ. तिन्ही कार्यक्रम अमेरिकेत झालेले.

पहिला ड्यूक एलिंग्टनचा. 7 जुलै 1956, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची लोकप्रियता तेव्हा ओसरत चालली होती. त्या रात्री त्यानं 1937 मधल्या आपल्याच दोन रचना जोडून घेतल्या, आणि मधला सांधा पॉल गोन्साल्वेस या सॅक्सोफोनवादकावर सोपवला. गोन्साल्वेसनं ब्लूजची 27 आवर्तनं सलग वाजवली. आपल्याकडे तबल्याच्या स्वतंत्र वादनाला पेटीवाला लेहरा धरतो ना, तसा खाली पियानो, बास आणि ड्रम्सनी धरून ठेवलं होतं. लोक उठून नाचायला लागले.

आता गंमत बघा. गोन्साल्वेस वाजवत होता भलत्याच मायक्रोफोनमध्ये! तो होता व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओचा. त्यामुळे कोलंबिया कंपनीच्या टेपवर तो दुरून ऐकू येतो. शिवाय बाकीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि त्यावर टाळ्या चिकटवल्या. ‘लाइव्ह’ म्हणून गाजलेला अल्बम हा असा. पुढे रेडिओची टेप सापडली, आणि 1999 मध्ये दोन्ही मुद्रणं जुळवून ती रात्र नीट ऐकायला मिळाली. पण माझा मुद्दा असा, की 1956 च्या तबकडीतही ती 27 आवर्तनं त्या रात्रीचीच होती. बाकी सगळं पुन्हा करता येत होतं, हे करता येत नव्हतं. आणि तबकडी लक्षात राहिली ती त्याच्यामुळे.

म्हणजे पहिली कसोटी मिळाली: माघार नसणं. चौदाव्या आवर्तनाला काही सुचलं नाही तरी पंधरावं येणारच आहे. स्टुडिओत कलाकार निवड करतो आणि ती बदलू शकतो. मैफलीत निवड केली, की तिच्यासकट पुढं जावं लागतं. ते पुढं जाणं आपल्याला ऐकू येतं.

दुसरा अल्बम जॉनी कॅशचा. 13 जानेवारी 1968, कॅलिफोर्नियातला फॉल्सम तुरुंग, समोर कैदी. पहिल्याच गाण्यात एका खुनाची ओळ येते आणि कैदी जल्लोष करतात. अंगावर काटा येतो. पण तो जल्लोष नंतर घातलेला आहे! पहारेकरी उभे असताना अशा ओळीवर ओरडायला कैदी कचरत होते.

तुम्ही म्हणाल, ‘सर, परिणाम तर होतो ना?’ होतो की. पण आपल्या नैयायिकांचं शब्दप्रमाण आठवा. साक्ष ज्ञान देते, ती सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह असेल तरच. ‘लाइव्ह’ हा शब्द अशीच साक्ष आहे: हे घडलं, ही माणसं तिथं होती. एलिंग्टनच्या तबकडीवरच्या उसन्या टाळ्या मी एक वेळ सोडून देईन. इथं तसं नाही. इथं गप्प बसणं हेच त्या माणसांचं सत्य होतं. त्यांची भीती पुसून तिथं बेदरकारपणा चिकटवला गेला. हा मला अन्याय वाटतो.

तरीही अल्बम थोर आहे. शेवटचं गाणं ग्लेन शर्ली या तिथल्याच कैद्यानं लिहिलेलं. कॅशनं ते आदल्या रात्री शिकून घेतलं आणि शर्ली समोर बसलेला असताना म्हटलं. ही दुसरी कसोटी: समोर ही माणसं नसती, तर हे असं घडलं नसतं.

तिसरा, ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’. 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं लावून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकर मिस्कीलपणे म्हणाले की, जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वादनही आवडेल अशी आशा आहे. आपण हसतो. पण हा भाग अल्बममध्ये ठेवला, याचं मोल मोठं आहे. त्या टाळ्या अडाणी असतील, पण खऱ्या आहेत. न कळणाऱ्या संगीतापुढे हजारो माणसं सद्भावनेनं बसली होती, हे त्यातून कळतं. दाद चुकीच्या जागी आली म्हणून साक्ष खोटी ठरत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी असा अल्बम ऐकाल तेव्हा टाळ्या वगळून पुढे सरकू नका. कुठं आल्या, कुठं आल्या नाहीत, तेही ऐका. आता प्रश्न घेऊ या.