हंगामाची निवड : शाकुंतल, मृच्छकटिक, शारदा

फिरत्या नाटकमंडळीचा हंगाम ही केवळ खेळांची यादी नव्हे. कोणते नाटक कोणत्या नाटकाशेजारी ठेवले आहे, यावरून मंडळी आपल्या प्रेक्षकाला काय समजते हे कळून येते. अमळनेरास जुन्या संगीत नाटकांचा हंगाम योजावयाचा झाल्यास हा विचार प्रथम व्हावयास हवा. १९१६ साली जेथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले आणि १९५२ व २०२४ साली जेथे साहित्य संमेलन भरले, तेथील रसिक विचाराला कंटाळतो असे मानण्यास आधार नाही.

खानदेशाचे या रंगभूमीशी नातेही जुने आहे. बालगंधर्वांनी संगीताचे आरंभीचे धडे जळगावी मेहबूबखाँ यांच्यापाशी घेतले आणि १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत त्यांनी प्रथम शकुंतलेचीच भूमिका केली. परंतु थोर गायकांच्या या स्मृतीचा एक दुष्परिणामही झाला : पदे उरली आणि नाटक विसरले गेले. आज ‘शाकुंतल’ची निवडक पदे आणि चौथ्या अंकातील निरोप एवढे सादर केले की पुष्कळांना नाटक झाल्यासारखे वाटते. याच्या समर्थनार्थ असे सांगता येईल की, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास स्वतः अण्णासाहेब किर्लोस्करांनीही पहिले चारच अंक केले होते. हा दाखला मात्र उलटा लागू पडतो. किर्लोस्करांचे चार अंक सातांकडे निघालेले होते. आपले चार अंक सातांतून उरलेले आहेत.

चौथ्या अंकावर थांबण्याने काय गमावते? बहिणाबाईंच्या या प्रांतात मुलीच्या पाठवणीने डोळे पाणावतील, यात नवल नाही. पण पाचव्या अंकात तीच मुलगी राजसभेत उभी राहते आणि तिचा शब्द कोणी मानीत नाही. अंगठी हरवली, म्हणून ओळखही हरवली. चौथा अंक करुणा उत्पन्न करतो. पाचवा त्या करुणेचा जाब मागतो.

येथेच ‘मृच्छकटिक’चे शेजारपण अर्थपूर्ण ठरते. शूद्रकाच्या मूळ नाटकात वसंतसेना रडणाऱ्या रोहसेनाला सोन्याच्या गाडीसाठी आपले अलंकार देते. पुढे न्यायसभेत तेच अलंकार विदूषकापाशी सापडतात आणि चारुदत्ताच्या जिवावर उठतात. एका नाटकात दागिना नाही म्हणून सत्य खोटे ठरते, दुसऱ्यात दागिना आहे म्हणून असत्य खरे ठरते. दोन्ही ठिकाणी वस्तू बोलते आणि माणूस निरुत्तर होतो.

किर्लोस्करांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले आणि १८९९ साली स्वतंत्र ‘शारदा’ रंगभूमीवर आली. या क्रमाने पाहता ‘शारदा’ हे जरठविवाहाविरुद्धचे केवळ प्रचारनाटक वाटत नाही. कांचनभटाला पैसा दिसतो, मुलगी दिसत नाही. विशेष म्हणजे भुजंगनाथाशी होणारे लग्न मोडते ते शारदेच्या अनिच्छेमुळे नव्हे, तर वधूवर सगोत्र निघाल्यामुळे. तिची सुटका होते, पण तिच्या नकाराला तेव्हाही मोल येत नाही. सुखान्ताखाली देवलांनी ठेवलेली ही बोच सुटी पदे ऐकून कधीच जाणवणार नाही.

वेळेची अडचण खरी आहे. रात्रभर चालणारे खेळ आज शक्य नाहीत. तेव्हा कात्री लावावी ती लांबलेल्या आलापांना आणि ‘वन्समोअर’ला, राजसभेच्या अंकाला नव्हे. गाणे थोडे कमी झाल्याने संगीत नाटक दुबळे होत नाही. पद ज्या प्रसंगातून उमलते तो प्रसंगच काढला, तर मागे मैफल उरते.

सारांश, ही तीन नाटके याच क्रमाने आणि कथानक अखंड ठेवून व्हावीत. दुष्यंताच्या सभेपासून कांचनभटाच्या घरापर्यंत एकच प्रश्न विचारला गेला आहे : माणसाच्या शब्दाला पुरावा कशाचा हवा? तो प्रश्न ऐकू येईल असा हंगाम योजणे, हीच या परंपरेची खरी सेवा होय.