खडी गंमत आणि उभी चौकट : 'इनशॉट' या ॲपची चिकित्सा

२९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यांत 'टिकटॉक'बरोबरच 'व्हिवाव्हिडिओ' हे चित्रफीत-संपादनाचे ॲपही होते. परंतु लघुचित्रफितींचा ओघ आटला नाही. त्याच वर्षी भारतात सुरू झालेल्या इन्स्टाग्राम रील्स व यूट्यूब शॉर्ट्सकडे तो वळला आणि संपादनासाठी 'इनशॉट', 'काइनमास्टर' ही साधने रूढ झाली. प्रस्तुत लेखात 'इनशॉट'चा विचार एका मर्यादित प्रश्नापुरता केला आहे. भंडारा जिल्ह्यातील लोककला या साधनातून जाते तेव्हा तिच्यातील काय उरते, हा तो प्रश्न होय.

या ॲपचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. दृश्य कापणे, जोडणे, त्याची गती कमीअधिक करणे, त्यावर संगीत व मजकूर चढविणे ही कामे बोटाने सरकविता येणाऱ्या एका पट्टीवर होतात. संगणक नसलेला लाखांदूर किंवा पवनीचा विद्यार्थीही ती करू शकतो. फुकट वापरणाऱ्याच्या चित्रफितीवर ॲपची मुद्रा उमटते खरी. पण एक जाहिरात पाहिली की तीही पुसता येते. संपादनाचे असे लोकशाहीकरण यापूर्वी झाले नव्हते.

काळाचा संकोच हा स्वतःच दोष नव्हे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली 'अंकुराची वाढ' ही लघुफीत केली. तीत रोपाची अनेक दिवसांची वाढ काही क्षणांत दिसे. जे डोळ्यांना एरवी दिसत नाही ते दाखविण्यासाठी तेथे काळ आखडला होता. रीलसाठी केलेल्या संपादनात याच्या नेमके उलट घडते. डोळ्यांना सहज दिसणारे तेवढे ठेवून बाकीचे कापले जाते.

दिवाळीनंतरच्या मंडईत होणाऱ्या खडी गंमतीचे उदाहरण घेऊ. ही उभ्याने सादर होणारी कला आहे. शाहीर पुढे, झिलकरी त्याच्या मागे-बाजूला, ढोलकी, नाच्या आणि सभोवार माणसे, अशी तिची आडवी मांडणी असते. नऊ-सोळाच्या उभ्या चौकटीत एक शरीर बसते. साहजिकच शाहीर किंवा नाच्या आत राहतो आणि झिलकरी बाहेर जातात. झील ऐकू येते, पण ती कोण धरतो हे दिसत नाही. पुढच्या टप्प्यात मूळ ध्वनी दाबून त्यावर चालू पसंतीचे गाणे चढविले की झीलही जाते. सवाल टाकल्यानंतर शाहीर जो क्षणभर थांबतो, ज्यात श्रोता उत्तराची वाट पाहतो, तो विराम तर 'रिकामी जागा' म्हणून सर्वांत आधी कापला जातो. समूहाची कला अशा रीतीने एका व्यक्तीची छबी होते. गंमत खडीच राहते, पण एकटी.

येथे असा आक्षेप संभवतो की साधन निर्दोष असून वापरणारा दोषी आहे. 'इनशॉट'मध्ये आडवी चौकटही निवडता येते, ही वस्तुस्थिती आहे. तथापि ती निवडणारा विद्यार्थी विरळा, कारण चित्रफीत जेथे जायची आहे तेथील मापच उभे आहे. साधनाची सोय आणि बाजाराचे माप एकच झाले की पर्याय नावापुरता उरतो. भाषेबाबत मात्र या ॲपला दोष देता येणार नाही. झाडीबोलीत 'ळ'चा उच्चार 'र' होतो. गाणारा 'डोरा' म्हणतो आणि पडद्यावर विद्यार्थी 'डोळा' लिहितो. ही आपल्याच वर्गांतील शुद्धलेखनाची देणगी आहे !

अधिक गंभीर बाब वेगळीच आहे. मोबाइलमधील जागा भरते म्हणून मूळ चित्रण पुसले जाते. मूळ फीत गेली की ॲपमधील अपुरा मसुदाही निरुपयोगी ठरतो, कारण तो तिच्यावरच आधारलेला असतो. मग उरते ती अर्ध्या मिनिटाची, व्हॉट्सॲपवरून फिरताना आणखी धूसर झालेली प्रत. लोककलेवरील प्रकल्प म्हणून विद्यार्थी हीच प्रत आणून देतात, आणि आपण तिला गुण देतो. उद्याच्या संशोधकाला या मंडईतील झिलकऱ्यांची संख्या, त्यांचे उभे राहणे, त्यांची धरलेली झील या प्रतीतून कळणार नाही. प्रकल्पासोबत अखंड, आडवे, मूळ ध्वनीसह केलेले चित्रण मागणे व ते विभागाच्या संगणकावर जतन करणे यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही; येत्या मंडईपूर्वी तशी सूचना फलकावर लावता येईल.