वेदना कमी झाली, की तक्रार?

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना काही रुग्ण जखमेपेक्षा लघवीच्या नळीनेच अधिक हैराण होतात. मूत्राशय रिकामे असूनही लघवीची अनावर भावना होते, ओटीपोटात जळजळ होते. नळी आत टिकावी म्हणून तिच्या टोकाशी पाण्याने फुगवलेला लहान फुगा असतो. त्याच्या स्पर्शाने तिथले चेतातंतू उद्दीपित होतात, अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन पाझरते आणि मूत्राशयाचा स्नायू आपोआप आकुंचन पावतो.

यावर उपाय म्हणून डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचे औषध शस्त्रक्रिया चालू असतानाच शिरेतून देण्याचे प्रयोग झाले आहेत. मूत्राशयातील गाठ काढलेल्या रुग्णांवरचा दक्षिण कोरियातील असा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्यांत त्रास कमी आढळला. निष्कर्ष सुखद आहे. पण ‘त्रास कमी’ हे मोजले कसे, हे पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

अशा प्रयोगांत सहसा वापरली जाणारी मोजपट्टी अशी : विचारल्यावरच रुग्णाने सांगितले, तर त्रास सौम्य, आपणहून सांगितले, तर मध्यम, हातपाय झाडले, नळी ओढू लागला, तर तीव्र. म्हणजे येथे वेदनेपेक्षा वेदनेचे प्रकटन मोजले जाते. लखनौच्या डॉक्टरांनी २००५ साली टोल्टेरोडीन हे औषध तपासले, तेव्हा अडचण नव्हती; कारण ते मुख्यतः मूत्राशयाच्या स्नायूवर काम करते. गुंगीचे औषध मात्र प्रकटनच मंदावते. पेंगुळलेला रुग्ण आपणहून बोलणार नाही, हातपायही झाडणार नाही. मोजपट्टीवर तो वरच्या पायरीवरून खाली येईल. वेदना तेवढीच असली तरी!

औषध निरुपयोगी आहे, असे आमचे म्हणणे नाही. मज्जारज्जूत वेदनेचे संदेश ते खरोखर दाबते. २००७ साली जपानी संशोधकांनी बेडकाच्या अंडपेशींवर केलेल्या प्रयोगांत, ज्या ग्राहींवर अ‍ॅसिटिलकोलीन काम करते त्यांतील एका प्रकारालाही ते अटकाव करते, असे दिसले. परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय या औषधाने नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो. ही किंमत कशासाठी मोजायची, हे ठरायला हवे. मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळीने नळी तुंबू शकते. तेव्हा रुग्णाची तक्रार हीच पहिली सूचना असते. ती गप्प करणे धोक्याचे.

मग पुरावा कसा मिळवावा? प्रत्येक नोंदीबरोबर गुंगीची पातळीही लिहावी. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसते सलाइन न देता, तेवढीच गुंगी आणणारे वेगळे औषध द्यावे. शरीरातील या औषधाचे प्रमाण सुमारे २ तासांत निम्मे होते. म्हणून रुग्ण पूर्ण जागा झाल्यावरच्या नोंदींना अधिक वजन द्यावे. आणि सर्वांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारावा.

शिक्षकांना यात नवे काही वाटू नये. वर्ग शांत बसला म्हणजे धडा समजला, असे आपण मानत नाही. प्रश्न विचारून पाहतो. विज्ञान प्रदर्शनातल्या प्रत्येक प्रयोगापुढेही मुलांनी हेच विचारावे : जे मोजायचे होते तेच मोजले, की त्याच्या जवळचे, सोपे असे काहीतरी?