कारखाना शैवालाचा की रसायनज्ञाचा?

'सागरी सूक्ष्मशैवाले म्हणजे नव्या औषधांचा कारखाना' हे वाक्य लेखांतून सर्रास आढळते. ते अर्धेच खरे आहे. डोलास्टॅटिन-१० या द्रव्याचे उदाहरण घ्या. अमेरिकन रसायनज्ञ पेटिट यांनी १९८७ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा ते मिळाले होते 'समुद्री ससा' नावाच्या गोगलगायीत. २००१ मध्ये तेच द्रव्य पलाऊच्या समुद्रातील नील-हरित शैवालात सापडले. म्हणजे गोगलगायीला ते आहारातून मिळत असावे. (आणि हे 'शैवाल' तर जीवाणूच!) नुसत्या द्रव्याने कर्करोगाच्या रुग्णांना फारसा गुण आला नाही. त्याचे प्रयोगशाळेत घडवलेले भावंड प्रतिपिंडाला जोडून थेट रोगट पेशींपर्यंत पोचवले, तेव्हा २०११ मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिंफोमावरचे औषध मंजूर झाले. ही २४ वर्षे लेखातून गाळली, की विद्यार्थी स्पिरुलिनाच्या गोळीलाही कर्करोगाचे औषध समजतो.