थंडीची साखळी आणि धारूरचे सीताफळ

दसऱ्याच्या आगेमागे धारूरच्या बाजारात बालाघाटच्या डोंगरातून सीताफळाच्या पाट्या येऊ लागतात. डोळे उघडलेले फळ तोडले की तीन-चार दिवसांत ते पिकून मऊ पडते. त्यामुळे विकणाऱ्याला थांबता येत नाही. संध्याकाळी मिळेल त्या भावाला पाटी मोकळी करावी लागते. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेजारच्या अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ नावाचा वाणही निवडला. तरी हे फळ जहाजाने परदेशी का जात नाही, असे विचारले की एकच उत्तर ठरलेले असते: “इथे कोल्ड स्टोरेज नाही ना!” हे उत्तर कितपत बरोबर आहे, हे तपासायला एका इंग्रजी पुस्तकाची चांगली मदत होते, आणि ते पुस्तक कुठे अपुरे पडते हेही त्याच वेळी कळते.

पुस्तकाचे नाव ‘फ्रॉस्टबाइट’, लेखिका निकोला ट्विली, प्रकाशनवर्ष २०२४. शीतकरणाने आपले अन्न, पृथ्वी आणि आपण स्वतः कसे बदललो, हा त्याचा विषय आहे. ध्रुवप्रदेशातील नैसर्गिक हिमावरणाप्रमाणे माणसाने गोदामे, ट्रक, जहाजे आणि घरातले फ्रिज मिळून एक कृत्रिम शीतावरण उभारले आहे, ही लेखिकेची मध्यवर्ती कल्पना. सरासरी अमेरिकन माणसाच्या ताटातले जवळजवळ तीन चतुर्थांश अन्न कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर या शीतावरणातून गेलेले असते, असे ती दाखवते. त्यासाठी ती स्वतः शीतगोदामात पाळी करते आणि कामगारांबरोबर कुडकुडते. लेखन वाचनीय आहे, आणि शिक्षकांना उपयोगी पडतील अशी उदाहरणे पानोपानी आहेत.

पुस्तकाचे खरे बळ एका गोष्टीत आहे. फ्रिज ही एक पेटी नसून साखळी आहे, हे ते वाचकाच्या मनावर ठसवते. साखळीची एक कडी तुटली की बाकीच्या कड्यांचा खर्च वाया जातो. बार्बरा प्रॅट या संशोधिकेची हकिगत त्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिने एका कंटेनरचीच प्रयोगशाळा केली आणि त्यात राहून, मालाबरोबर प्रवास करून, आतल्या हवेची व तापमानाची मोजमापे घेतली. कंटेनरमध्ये यंत्र बसवले म्हणजे काम झाले, ही समजूत अशा मोजमापांपुढे टिकत नाही.

या इतिहासाला थोडी जोड द्यायला हवी. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टनहून ‘टस्कनी’ जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि त्यातला शंभरेक टन कलकत्त्यास पोचला. म्हणजे समुद्रावरून थंडी प्रथम आपल्याकडे आली ती विकाऊ माल म्हणून. पुढे १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून सुमारे ५,००० गोठवलेली धडे, बहुतेक मेंढ्यांची, घेऊन ९८ दिवसांनी लंडनला पोचले. माल उत्तम होता. मांस मृत असते. ते गोठवले की काम संपते. फळाचे तसे नाही.

तोडलेले फळ जिवंत असते. ते श्वसन करते, म्हणजे साखर जाळून उष्णता, पाणी व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. थंडीने हा वेग मंदावतो, म्हणून फळ टिकते. थंडीने जंतू ‘मरतात’ असे आपण वर्गात सर्रास सांगतो, तेही दुरुस्त करायला हवे. बहुतेकांची वाढ फक्त मंदावते. सफरचंदाच्या श्वसनावर केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी केलेले काम पुस्तकात आले आहे. ते मुळातून वाचावे.

आता पुस्तकाची उणीव. लेखिकेची नजर ताटाकडून शेताकडे जाते. तिच्या पुस्तकात सफरचंद, केळी, संत्र्याचा रस यांचा प्रवास सविस्तर आहे, कारण ते तिच्या ताटात येतात. जे ताटापर्यंत पोचतच नाही, त्याचा विचार अर्थातच कमी होतो. ज्यांच्याकडे शीतसाखळी नाही त्या देशांचा प्रश्न रवांडाच्या निमित्ताने येतो, पण ‘साखळी आणावी की आणू नये’ एवढ्याभोवतीच तो फिरतो. धारूरच्या शेतकऱ्याचा प्रश्न त्याच्या अगोदरचा आहे: माझे फळ थंडी सोसते का?

सीताफळ फारशी सोसत नाही. साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवले की साल काळी पडते, गर नीट पिकत नाही, चव जाते. याला शीतइजा म्हणतात. घरातला फ्रिज चारेक अंशांवर असतो. कच्चे सीताफळ त्यात ठेवून पाहिलेल्यांना हा अनुभव आहेच. केळ्याचेही तसेच, म्हणून ते जहाजातून १३-१४ अंशांवर नेतात. उलट द्राक्ष शून्य अंशाजवळ सुखाने राहते आणि तोडल्यावर पिकतही नाही. महाराष्ट्रात १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ स्थापन झाली आणि आपली द्राक्षे समुद्रमार्गे युरोपात गेली, त्यात संघटनेचा वाटा मोठा आहे, पण द्राक्षाच्या स्वभावाचाही आहे. द्राक्षाचे यश पाहून सीताफळासाठी तीच इमारत बांधली, तर इमारत उभी राहील आणि फळ काळे पडेल.

दुसरी चूक हिशेबाची. कंटेनरमधले यंत्र माल थंड करण्यासाठी नसते, थंड केलेला माल थंड ठेवण्यासाठी असते. वरच्या वर्गातील मुलांना हे गणित द्यावे. २० टन फळे ३० अंशांवरून १३ अंशांवर आणायची आहेत. फळाची विशिष्ट उष्णता किलोमागे, अंशामागे ३.६ किलोज्यूल धरू. २०,००० × ३.६ × १७ = १२,२४,००० किलोज्यूल, म्हणजे ३४० किलोवॅट-तास. यंत्र सतत १० किलोवॅट दराने उष्णता काढते असे धरले तरी ३४ तास लागतील. यात फळांच्या श्वसनाची उष्णता धरलेली नाही. शिवाय खालून वर जाणारी हवा खोक्यांच्या फटींतून जाते, रचलेल्या फळांच्या पोटात लवकर शिरत नाही. प्रत्यक्षात काही दिवस जातात, आणि सीताफळाचे आयुष्यच तेवढे असते. म्हणून तोडल्यावर काही तासांत, डोंगराच्या पायथ्याशीच, पूर्वशीतकरण हवे. धारूरहून न्हावाशेवा बंदर सुमारे ४०० किलोमीटर आहे. तिथपर्यंतचा ट्रकही त्याच साखळीची कडी.

एवढे सगळे जमवले तरी १५ अंशांच्या आसपास सीताफळाला आठवडाभराचीच मुदत मिळते. आखाती देशांपर्यंतचा जलप्रवास काही दिवसांचा आहे, तिथे प्रयत्न करता येईल. युरोपला सुएझमार्गेही तीन आठवडे लागतात, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला. ताजे सीताफळ त्या वाटेने जाणे कठीणच.

गराची गोष्ट वेगळी. बी काढून, झटपट गोठवून उणे १८ अंशांखाली ठेवला की गर कित्येक महिने टिकतो. झटपट यासाठी, की सावकाश गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाटतात. गर हवेत तपकिरी पडतो, कारण त्यातली विकरे ऑक्सिजनबरोबर काम करतात. म्हणून हात चपळ आणि भांडी स्वच्छ हवीत. इथे मात्र साखळीत खंड अजिबात चालत नाही. एकदा वितळून पुन्हा गोठलेला गर बाहेरून ओळखू येत नाही, पण रबडीत कळतो. थोडक्यात, धारूरसाठी मोठ्या कोल्ड स्टोरेजपेक्षा गर काढण्याचे आणि गोठवण्याचे छोटे केंद्र अधिक कामाचे ठरण्याची शक्यता आहे. त्याला खंड न पडणारी वीज लागेल, हे मात्र विसरून चालणार नाही.

शीतकरणामुळे नासाडी संपत नाही, ती शेतातून ग्राहकाच्या स्वयंपाकघरात सरकते, असा ट्विलीबाईंचा इशारा आहे. श्रीमंत देशांपुरता तो पटतो. आपल्याकडे नासाडी अजून पाटीतच होते, आणि ती सोसतो तो पाटी डोक्यावर आणणारा. त्याच्या बाजूने कोणीतरी असे पुस्तक लिहायला हवे.

तोवर वर्गात एक प्रयोग करावा. एकाच दिवशी तोडलेली, सारख्या आकाराची सहा सीताफळे घ्यावीत. दोन फ्रिजमध्ये, दोन ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या माठात, दोन टोपलीत ठेवावीत. रोज ठरावीक वेळी तापमान, सालीचा रंग व मऊपणा यांची नोंद करावी. आठव्या दिवशी चव घ्यावी. ‘कोल्ड स्टोरेज नाही ना’ या उत्तरावर त्यानंतर मुलांशी चर्चा करावी. ‘फ्रॉस्टबाइट’ शाळेच्या ग्रंथालयात असावे, पण वाचताना हा नोंदींचा तक्ता शेजारी असावा.