महाडचा खटला आणि अपराधाची व्याख्या

महाडच्या संगराविषयी आजवर विपुल लेखन झाले. तथापि त्यात एक उणीव आम्हांस सातत्याने जाणवते. त्यातून उद्भवलेली फौजदारी व दिवाणी प्रकरणे एकच समजून ‘महाडचा खटला’ असा सरसकट उल्लेख होतो. हा केवळ तपशिलाचा दोष नव्हे. त्यामुळे अपराध कशास म्हणावे, हा मूळ प्रश्नच झाकला जातो.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सावित्रीकाठच्या या जुन्या बंदरगावी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी आवई उठली आणि परिषदेच्या प्रतिनिधींवर लाठ्या चालल्या. ६ जून १९२७ रोजी जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी फर्मावली. हे फौजदारी प्रकरण. तळ्याच्या हक्काचा दावा मात्र दिवाणी होता. सनातन्यांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दाखल केलेला हा दावा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या विरुद्ध निकाली निघाला.

कृती आणि उद्देश यांच्या संयोगाने सामान्यतः अपराध घडतो. मारण्याचा उद्देश सिद्ध झाला की पुरे. तो अफवेने चेतला की जातिद्वेषाने, हा हेतूचा प्रांत. म्हणून १८६० च्या दंडसंहितेला महाडात फुटलेली डोकी दिसली. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे हा तिच्या लेखी स्वतंत्र अपराध नव्हता. तो वहिवाटीचा वाद ठरून जवळजवळ दहा वर्षे रेंगाळला.

संविधानाच्या अनुच्छेद १७ ने व १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने हे अंतर मिटवले. पाणवठ्यावरील मज्जाव दंडनीय झाला. शिवाय, अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध असे कृत्य झाल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले, असे विरुद्ध सिद्ध होईपर्यंत गृहीत धरण्याची तरतूद कलम १२ ने केली. यामुळे आरोपीच्या निर्दोषत्वाच्या गृहीताला तडा जातो, असा आक्षेप घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. कृत्य तर सरकार पक्षालाच सिद्ध करावे लागते.

तथागतांनी चेतनेलाच कर्म मानले व द्वेषाला अकुशलाचे मूळ म्हटले. विनयातही अजाणता झालेल्या मनुष्यहत्येस पाराजिकाचा दोष नाही. कायद्याने मात्र द्वेषाची दखल घेण्यास फार विलंब लावला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच वा अधिक जणांनी जातीच्या कारणावरून केलेल्या हत्येची वेगळी नोंद आहे, ती या दिशेनेच. महाडवर लिहिणाऱ्यांनी लाठ्यांबरोबर त्यांमागच्या मनाचाही हिशेब मांडावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.